पावसात चढावर गाडी मिसिंग करते: प्लग वायरी संपल्या हे कसे ओळखावे आणि नव्या घेतल्या तर कशा टिकवाव्यात?

आंबोलीवाट (सावंतवाडी) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 1997 सालची कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडरची मारुती 800 आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आता मी चालवतो. गाडीचे पळणे बेताचे आहे, आजवर 1,12,000 किलोमीटर झाले आहेत. कामासाठी आठवड्यातून दोनदा सावंतवाडीहून आंबोलीला जावे लागते. उन्हाळाभर तिने काहीही त्रास दिला नाही. पण जूनचा पाऊस सुरू झाल्यापासून दाणोली मागे पडून घाट लागला, की तिसऱ्या गिअरमध्ये ती मिसिंग करते, म्हणजे धक्के देऊ लागते. अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबावा तितके धक्के वाढतात आणि पाय थोडा उचलला, की लगेच सुरळीत चालते. मागच्या आठवड्यात मुख्य धबधब्यापाशी रस्त्यावर वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढली आणि शंभरेक मीटर पुढे गेल्यावर ती बंदच पडली. बॉनेट उघडून कोरड्या फडक्याने प्लग वायरी (प्लगपर्यंत ठिणगीची वीज नेणाऱ्या) आणि डिस्ट्रिब्युटरची (ती वीज प्लगना पाळीपाळीने वाटणाऱ्या भागाची) कॅप पुसली, वीस मिनिटे थांबलो, मग सुरू झाली.

आतापर्यंत एका मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडून साफ केला, दुसऱ्यांनी प्लग बदलले. फरक पडला नाही. तिसऱ्यांनी नुसते बॉनेट उघडून पाहिले आणि चारही वायरी (तीन प्लगच्या आणि एक कॉइलची, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाची) बदलायला सांगितल्या. त्यांचे म्हणणे खरे असेलही, परंतु वायरी दिसायला चांगल्या आहेत, कुठे चीर नाही, जळल्याची खूण नाही. माझ्या वहीतील नोंदीप्रमाणे त्या 2014 मध्ये बदलल्या आहेत आणि त्यानंतर गाडी केवळ 31,000 किलोमीटर चालली आहे. आणखी एक गोष्ट लक्षात आली ती सांगतो: गेल्या वर्षीच्या पीयूसीच्या पावतीवर हायड्रोकार्बनचा आकडा 410 होता, यंदा तो 1,060 आला. माझ्या गाडीच्या काळासाठी मर्यादा 1,500 असल्याने गाडी पास झाली, पण आकडा अडीच पट झाला हे खटकते.

वायर खराब झाली आहे हे बदलण्यापूर्वी घरच्या घरी खात्रीने कसे ठरवता येईल, आणि नव्या टाकल्या तर आमच्या या कोकणच्या हवेत त्या जास्तीत जास्त कशा टिकवता येतील, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वर्कशॉप_कोल्हापूर यांचे उत्तर

नमस्कार. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक हा ट्रेड मी सव्वीस वर्षे शिकवला आहे. तुमच्या प्रश्नात इतकी व्यवस्थित माहिती आहे की उत्तरही तितक्याच तपशिलात देणे मला आवश्यक वाटते.

तुम्ही लिहिलेल्या सगळ्या लक्षणांत सर्वांत बोलके लक्षण म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की धक्के आणि पाय उचलला की सुरळीत. प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडायला ठिणगीला किती व्होल्टेज लागेल, हे त्या फटीतल्या वायूच्या दाबावर आणि फटीच्या रुंदीवर अवलंबून असते; पाश्चेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 मध्ये मांडलेला हा नियम आजही प्रत्येक पेट्रोल इंजिनाला लागू आहे. गाडी जागेवर उभी असताना थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) जवळजवळ मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे येते, त्यामुळे दाबही कमी राहतो आणि आठ-दहा हजार व्होल्टमध्ये काम भागते. चढावर थ्रॉटल उघडला की तोच सिलिंडर भरून मिश्रण घेतो, दाब वाढतो आणि त्याच ठिणगीला दुपटीच्या आसपास व्होल्टेज लागते. वायरचे आवरण जर त्या व्होल्टेजला टिकत नसेल, तर वीज प्लगची फट सोडून जवळच्या धातूवर उडी मारते आणि त्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडते. तुमच्या पीयूसीच्या पावतीवर वाढलेला हायड्रोकार्बनचा आकडा म्हणजे हेच न जळलेले पेट्रोल असण्याची शक्यता फार मोठी आहे. कार्ब्युरेटर दोषी असता, तर वायरी पुसल्यावर गाडी सुरू झाली नसती.

आता मुख्य मुद्दा. वायर दोन वेगवेगळ्या प्रकारांनी खराब होते आणि त्या दोन दोषांच्या तपासण्याही वेगळ्या आहेत. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे चांगल्या वायरी फेकल्या जातात आणि खराब वायरी वर्षानुवर्षे गाडीत राहतात.

पहिला दोष गाभ्याचा. तुमच्या गाडीच्या वायरीत तांब्याची तार नसते. काचेच्या बारीक धाग्यांवर कार्बनचा लेप दिलेला गाभा असतो. हा गाभा ओढ सहन करत नाही. प्लग काढताना कोणी वायर धरून खेचली, की आवरण लवचीक असल्यामुळे ते लांबून पुन्हा पूर्ववत होते, पण आतला गाभा टोकाच्या पितळी पकडीतून निसटतो किंवा मध्येच तुटतो. बाहेरून काहीच दिसत नाही. गंमत अशी नव्हे, तर धोका असा, की गाभा तुटल्यावरही गाडी चालत राहते, कारण इतक्या व्होल्टेजला ती आतली छोटी फट ओलांडणे अवघड नसते. परंतु प्रत्येक ठिणगीबरोबर ती फट आतल्या आत जळत रुंद होत जाते.

हा दोष साध्या मल्टिमीटरने सापडतो. इंजिन बंद करून वायर दोन्ही टोकांनी सोडवावी, मीटर ओहमच्या 200 हजारांच्या पट्टीवर ठेवावा आणि दोन्ही टोकांच्या धातूला स्पर्श करून आकडा पाहावा. कार्बन गाभ्याच्या वायरीला साधारणपणे मीटरभर लांबीमागे 10 ते 20 हजार ओहम रोध असतो, म्हणजे 40 सेंटिमीटरची वायर 4 ते 8 हजार ओहम दाखवील. नेमकी मर्यादा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असते आणि तीच प्रमाण मानावी. आकडा पाहताना वायर हलक्या हाताने वाकवत राहावी. वाकवल्यावर आकडा उड्या मारत असेल किंवा मीटर अनंत दाखवत असेल, तर त्या वायरीबद्दल आणखी विचार करण्याची गरज नाही. लांबीच्या मानाने चारही वायरींची तुलना करावी. एकच वायर इतरांपेक्षा फार वेगळी निघाली, तर तीच दोषी.

दुसरा दोष आवरणाचा, आणि हा मीटरला सापडत नाही. मीटर आपल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो, आणि वायरीला सांभाळायचे असतात वीस हजार व्होल्ट. मीटरने पास केलेली वायर पावसात नापास होते ती यामुळे. यासाठी काळोख हवा. रात्री, अंगणातला दिवाही बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून सुरू करावी, बॉनेट उघडावे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. आवरण कमकुवत झालेल्या जागी निळसर-जांभळी झाक दिसते किंवा बारीक ठिणगी 'चट् चट्' आवाज करत इंजिनावर उडताना दिसते. काहीच दिसले नाही, तर इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायला वापरतो तशा फवारणीच्या बाटलीतून एकेका वायरीवर बारीक तुषार मारावेत आणि प्रत्येक वेळी थोडे थांबावे. ज्या वायरीवर पाणी पडताच इंजिन अडखळते ती वायर गळते आहे. शेवटी कॅपवर आणि कॉइलच्या तोंडाशीही तसेच करून पाहावे, कारण कित्येकदा वायर निर्दोष असते आणि कॅपला पेन्सिलच्या रेघेसारखी काळी बारीक भेग गेलेली असते. त्या भेगेत कार्बन बसलेला असतो, तो खरवडून फार दिवस उपयोग होत नाही. कॅपच बदलावी लागते.

ही तपासणी करताना वायरींना हात लावू नये, पाय कोरडे असावेत, ओढणी, पदर, मफलर असे काही लोंबते नसावे आणि रेडिएटरचा विजेचा पंखा केव्हाही आपोआप सुरू होतो हे ध्यानात ठेवावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चालू इंजिनाच्या या भागाजवळ जाऊच नये. आणि चालू इंजिनावर एकेक वायर उपटून कुठला सिलिंडर बंद आहे ते पाहण्याची जी पद्धत अनेक गॅरेजांत अजून चालते, ती कृपया कोणालाही करू देऊ नका. वायर मोकळी सुटली की कॉइल आपले सगळे व्होल्टेज लावते, त्याला प्लगची वाट मिळत नाही, मग ते रोटरचे (डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या भागाचे), कॅपचे किंवा कॉइलचेच आवरण फोडून बाहेर पडते. एक दोष शोधताना दुसरा तयार होतो.

वयाबद्दल. तुमच्या वायरी 31,000 किलोमीटरच चालल्या हे खरे, पण त्या दहा वर्षांहून जुन्या आहेत आणि रबर चाकांबरोबर फिरत नाही, ते इंजिनाच्या उष्णतेत आणि हवेत जागच्या जागी वयस्क होते. वायरीभोवती वीज झिरपू लागली की हवेत ओझोन तयार होतो आणि ओझोन रबराला चिरा पाडतो; त्यामुळे एकदा सुरू झालेली गळती वाढतच जाते. माझ्या पाहण्यात रोज चालणाऱ्या गाडीच्या साध्या रबरी वायरी पाच-सहा वर्षे उत्तम काम देतात, त्यानंतर दर पावसाळ्यापूर्वी तपासाव्यात. तुम्ही आधी मीटर आणि अंधार या दोन्ही तपासण्या करा आणि आकडे इथे लिहा.

किनारा_गॅरेज (रत्नागिरी) यांचे उत्तर

सरांनी तपासणीचे सगळे सांगितले आहे, त्यात मला भर घालायची नाही. वायरी टिकवायच्या कशा, याबद्दल मात्र किनाऱ्यावर बावीस वर्षे गॅरेज चालवताना जे पाहिले ते लिहितो.

आमच्याकडे वायरीचा पहिला शत्रू म्हणजे खारी हवा. ती आवरणाला फार काही करत नाही. ती टोकाच्या पितळेला धरते. कॅपच्या खोबणीत बोट घालून पाहा, हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर तिथे जोड सैल आणि गंजलेला आहे. अशा जोडावर ठिणगी उडत राहते, धातू जळतो आणि वायर नवी असूनही मिसिंग सुरू होते. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटी, एकेक वायर सोडवून टोक आणि खोबण कोरड्या ब्रशने स्वच्छ करावी. रबरी टोपीच्या आतल्या काठाला सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस मुगाच्या दाण्याएवढे घेऊन पातळ फिरवावे. हे ग्रीस वीज वाहून नेण्यासाठी नसते, ओल आत शिरू नये आणि टोपी प्लगच्या चिनी मातीला चिकटून बसू नये यासाठी असते, म्हणून धातूच्या टोकावर ते थापू नये. चाकाच्या बेअरिंगचे पिवळे ग्रीस तर चुकूनही नको; त्याने रबर फुगते.

दुसरी गोष्ट मी कळकळीने सांगतो, कारण ती आपणच पैसे देऊन करवून घेतो. पावसाळ्याआधी गाडी सर्व्हिसिंगला दिली की खालून ऑइल मारतात आणि इंजिनावर डिझेलचा फवारा मारून ते 'चमकवतात'. खालच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ऑइल मारणे आमच्या भागात योग्यच आहे. पण डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही साध्या रबरी वायरीवर पडले की आवरण मऊ होते, फुगते आणि काही महिन्यांत त्याचा ताण निघून जातो. इंजिन पुसून घ्यायचे असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि फवारा मारायचाच झाला तर डिझेल वर्ज्य असे स्पष्ट सांगा. प्रेशरचे पाणी मारतानाही डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून घ्यावी आणि काम झाल्यावर ती आठवणीने काढावी. पावसाळाभर पिशवी बांधून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. आत वाफ धरते आणि कॅप आतून ओली होते.

तेलगळतीचेही तसेच. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग गळत असेल आणि तेल प्लगच्या टोपीपर्यंत पोहोचत असेल, तर आधी पॅकिंग बदला, मग वायरी. उलट क्रमाने केले तर नव्या वायरींचे तेच होणार.

वायर काढताना टोपी धरायची, थोडी डावी-उजवी फिरवायची आणि मगच सरळ वर ओढायची. बसवताना 'कट्' असा बारीक आवाज येईपर्यंत दाबायची. वायरींना धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटल्या म्हणून फेकून देतात आणि सगळ्या वायरी एकत्र करून केबल टायने बांधतात. दिसायला नीटनेटके दिसते, पण वायरी एकमेकींवर घासतात आणि एकीतली वीज शेजारणीत शिरते. क्लिपा पाच-पन्नास रुपयांत मिळतात, त्या लावाव्यात, आणि वायर सायलेन्सरच्या गरम नळ्यांना टेकत नाही हे पाहावे.

उंदरांचा त्रास असल्यास तंबाखूची पाने किंवा डांबराच्या गोळ्या ठेवण्याचा उपाय लोक करतात. माझ्या अनुभवात त्याचा गुण थोडे दिवसच येतो. गाडी एकाच जागी आठ-आठ दिवस न ठेवणे, रात्री बॉनेट उघडे ठेवणे आणि बॉनेटखाली साठलेला पालापाचोळा काढत राहणे, याचा जास्त उपयोग होतो. कुरतडलेल्या वायरीला टेप गुंडाळून घरी येता येते, तिच्यावर पावसाळा काढता येत नाही.

पिंपरीकर_सीएनजी यांचे उत्तर

आंबोलीवाट, तुमची गाडी पेट्रोलवरच आहे असे दिसते, तरी हा धागा पुढे इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आमच्या जुन्या गाडीला आम्ही बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले. पेट्रोलवर ती अगदी छान चालत असे आणि सीएनजीवर टाकली की उड्डाणपुलाच्या चढावर धक्के देत असे. ज्यांनी किट बसवले त्यांच्याकडे चार खेपा झाल्या, दर वेळी किटचे सेटिंग बदलून मिळाले. शेवटी आमच्या सोसायटीतील एका अनुभवी चालककाकांनी सांगितले, की सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते, त्यामुळे पेट्रोलवर जी वायर कशीबशी तग धरते ती सीएनजीवर लगेच उघडी पडते. वायरी बदलल्या आणि त्यांच्याच सांगण्यावरून प्लगची फट किटवाल्यांनी दिलेल्या मापाप्रमाणे थोडी कमी केली, त्यानंतर त्रास नाही.

यात दुर्लक्ष करू नये असे एक कारण आहे. आमच्यासारख्या जुन्या पद्धतीच्या किटमध्ये वायू हवेच्या नळीतच मिसळला जातो. ठिणगी चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या सिलिंडरमध्ये पडली, की तो नळीतच पेटतो आणि मोठा आवाज होऊन एअर फिल्टरचा डबा फुटतो. आमचा एकदा फुटला होता. मुले मागच्या सीटवर होती. कोणाला काही झाले नाही, पण तेव्हापासून मी दर दोन वर्षांनी वायरी मोजून घेते आणि आकडे गाडीच्या फाइलमध्ये लिहून ठेवते.

आंबोलीवाट यांचा पुढचा प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. मीटर आणला आहे, रविवारी तपासणी करतो. दरम्यान एक शंका. दुकानात तीन प्रकार दाखवले: कंपनीच्या काळ्या वायरी, आठ मिलिमीटर जाडीच्या लाल सिलिकॉनच्या वायरी, आणि मीटरवर कापून मिळणारी तांब्याच्या तारेची वायर. दुकानदारांच्या मते तांब्याची सर्वांत उत्तम, कारण तिला रोधच नाही, ठिणगी जोरदार पडते आणि ती कधी तुटत नाही. शेजारच्यांच्या पद्मिनी गाडीला तीच आहे. कोणती घ्यावी?

जुनी_फियाट (पुणे) यांचे उत्तर

माझ्याकडे 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिला तांब्याच्या गाभ्याचीच वायर आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

तांब्याची वायर खरोखर दणकट असते आणि ओढाताण सहन करते, हे दुकानदारांचे म्हणणे बरोबर आहे. पण वायरीतला रोध हा काही निकृष्टपणा नाही, तो मुद्दाम ठेवलेला आहे. ठिणगी पडते तेव्हा ती रेडिओ लहरी फेकते; हर्ट्झ यांनी 1887-88 मध्ये रेडिओ लहरींचे अस्तित्व सिद्ध केले ते ठिणगीच्याच साहाय्याने. तीन सिलिंडरच्या इंजिनात 3,000 फेऱ्यांना मिनिटाला साडेचार हजार ठिणग्या पडतात आणि तांब्याची वायर त्यांच्यासाठी अँटेनाचे काम करते. माझ्या गाडीत आकाशवाणी लावली की इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी खरखर ऐकू येत असे. प्लगच्या टोकावर रोध असलेल्या बेकेलाइटच्या टोप्या बसवल्यावर ती थांबली. तुमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर ही खरखर केवळ रेडिओपुरती राहत नाही, इग्निशनच्या सर्किटलाही ती त्रासदायक ठरू शकते. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत तर तांब्याची वायर घालूच नये, तिथे संगणकाला मिळणारे संकेत बिघडतात.

ठिणगीच्या जोराबद्दल जो समज आहे तोही तपासून पाहण्यासारखा आहे. फट ओलांडेपर्यंत वायरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे काही हजार ओहमच्या रोधाने ठिणगी पडायची थांबत नाही. ती थांबते आवरण फुटल्यामुळे किंवा गाभा तुटल्यामुळे.

सिलिकॉनची वायर उष्णतेला साध्या रबरापेक्षा खूपच चांगली टिकते आणि थंडीतही कडक होत नाही. मात्र तिचे आवरण मऊ असल्यामुळे धारदार कडेवर घासून कापले जाते, आणि आठ मिलिमीटरची वायर तुमच्या मूळ क्लिपांत बसत नाही. इंजिनाच्या ताकदीत जाडीमुळे फरक पडणार नाही. तुम्हाला मूळ मापाची, मूळ लांबीची, कारखान्यातच टोके दाबून बसवलेली जोडी मिळत असेल तर तीच घ्यावी असे माझे मत आहे. खोक्यावरचे छपाईचे अक्षर, वायरीवरचा निर्मितीचा महिना आणि टोपीच्या आतली पितळी पकड पाहून घ्या. नकली मालाची पकड पत्र्यासारखी पातळ असते आणि प्लगवर सैल बसते. मी स्वतः एकदा अशी स्वस्त जोडी घेतली होती आणि घरी येऊन मोजली तेव्हा सारख्या लांबीच्या दोन वायरींत तिपटीचा फरक निघाला.

वर्कशॉप_कोल्हापूर यांची पुरवणी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. दोनच गोष्टी जोडतो. नव्या वायरी बसवताना जुन्या सगळ्या एकदम काढू नका. एक काढा, तिच्या लांबीची नवी शोधा, ती बसवा, मग दुसरी. तुमच्या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम 1-3-2 असा आहे आणि दोन वायरींची अदलाबदल झाली तर गाडी एक तर सुरूच होणार नाही किंवा कार्ब्युरेटरमधून फटाका फोडील.

आणि प्लगची फट मोजा. या इंजिनाला 0.7 ते 0.8 मिलिमीटर फट हवी. प्लग झिजत जातो तशी ती वाढते, 1 मिलिमीटरच्या पुढे गेली तरी गाडी चालते, पण प्रत्येक ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते आणि तो सगळा भार वायरीच्या आवरणावर पडतो. वायरीचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मला विचाराल, तर तो वेळच्या वेळी प्लग बदलणे हाच आहे. नवा प्लगही खोक्यातून काढून तसाच बसवू नये, फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून पाहावा.

आंबोलीवाट यांचा निकाल

रविवारी संध्याकाळी सातनंतर, दिवे बंद करून, मुलीला टॉर्च धरायला बसवून सगळी तपासणी केली. आकडे असे: पहिल्या सिलिंडरची वायर 5.2 हजार ओहम, दुसऱ्याची 4.4 हजार, कॉइलची 3.9 हजार. तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीला मीटरने काहीच दाखवले नाही. ती वाकवल्यावर क्षणभर 60 हजारांच्या आसपास आकडा येई आणि पुन्हा नाहीसा होई. सर, आपण वर्णन केलेला पहिला दोष तंतोतंत तोच. अंधारात चालू इंजिनावर मात्र काही दिसले नाही, म्हणून बाटलीने तुषार मारले. तिसऱ्या वायरीवर टोपीच्या जरा वर पाणी पडताच इंजिन अडखळले आणि तिथून झाकणाच्या बोल्टवर बारीक निळी ठिणगी उडताना आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसली. मुलीने आधी पाहिली. म्हणजे एकाच वायरीत दोन्ही दोष होते. गाभा तुटल्यामुळे तिथे जळत राहिले आणि आवरणही आतून गेले असावे, असा मी अर्थ लावला आहे. तो चुकीचा असल्यास सांगावे.

वायर काढून ब्लेडने उभी चिरून पाहिली. टोपीपासून साधारण तीन सेंटिमीटरवर गाभा तुटलेला होता, दोन्ही टोके पांढुरकी पडली होती आणि मध्ये बोटाला लागेल अशी काळी पूड होती. बाहेरून त्या जागी सुईच्या टोकाएवढे छिद्र होते, तेही भिंगातून पाहिल्यावर दिसले. प्लग बदलताना ही वायर नक्की कशी ओढली गेली हे मी पाहिले नव्हते, पण पुढच्या वेळी मी शेजारी उभा राहीन.

कॅपच्या खोबणीत किनारा_गॅरेज यांनी सांगितलेली हिरवी भुकटी दोन ठिकाणी होती, ती साफ केली. नव्याने टाकलेल्या प्लगची फटही मोजली. तीनपैकी दोन 0.8 होते, एक 0.95 निघाला, तो नीट केला. कंपनीच्या मूळ मापाच्या चारही वायरी आणि दोन नव्या क्लिपा बसवल्या. बसवण्यापूर्वी नव्या वायरीही मोजल्या आणि आकडे तारखेसह वहीत लिहिले आहेत.

मंगळवारी आणि शुक्रवारी आंबोलीला जाऊन आलो. शुक्रवारी घाटात दाट धुके आणि सलग पाऊस होता, धबधब्यापाशी नेहमीप्रमाणे रस्त्यावर पाणी होते. तिसऱ्या गिअरमध्ये एकही धक्का बसला नाही. पीयूसी पुन्हा काढून घेतली, हायड्रोकार्बन 390 आले. जुन्यांपैकी प्लगच्या ज्या दोन वायरी चांगल्या निघाल्या, त्यांतली लांब असलेली पिशवीत घालून डिकीत ठेवली आहे. सर, ती तिन्हीपैकी कुठल्याही सिलिंडरला तात्पुरती पोहोचते, हे बसवून पाहिले आहे.

वर्कशॉप_कोल्हापूर

तुम्ही लावलेला अर्थ बरोबर आहे. डिकीतली वायर ठेवताना तिचा मोठा वेढा करून ठेवा, घडी घालू नका. आणि ती गरज पडून वापरलीत, तर घरी आल्यावर पुन्हा मोजून घ्या.